आजीचा शुक्रवारचा उपास

लाडक्या लेकी,

काल व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "आज शुक्रवार, मी संध्याकाळीच जेवणार." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "येशूला तर लोकांनी धरून मारलं. मग आजी 'त्याने आपला प्राण दिला' असं का म्हणते? आणि त्यासाठी तिने उपाशी का राहायचं?" असे प्रश्न जेवता जेवता उरकायचे नसतात, म्हणून हे पत्र.

शिपाई आले, खिळे ठोकले गेले, हे खरंच आहे. पण त्याआधीची रात्र बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात वाच, अठरावा अध्याय. यहूदा, त्याला धरून देणारा त्याचाच शिष्य, शिपायांना घेऊन बागेत येतो. येशू लपत नाही, पळत नाही. स्वतःच पुढे होऊन विचारतो, तुम्ही कोणाला शोधता? मीच तो, असं सांगतो आणि शिष्यांकडे दाखवून म्हणतो, ह्यांना जाऊ द्या. पेत्र नावाचा शिष्य तलवार उपसतो, तर येशू त्याला ती म्यानात घालायला लावतो. आपल्या प्राणाविषयी त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "कोणी तो माझ्यापासून घेत नाही, तर मी होऊनच तो देतो." आजी जे म्हणते ते ह्या वचनावर.

त्याच संध्याकाळी भोजनाच्या वेळी त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते. यहूदा तेव्हा तिथेच होता. तो काय करणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याचेही पाय धुतले. मी दरवर्षी हा प्रसंग वाचते आणि दरवर्षी इथे थांबते. आपलं वाईट करायला निघालेल्या माणसापुढे गुडघे टेकून त्याच्या पायांची धूळ धुवायची, हे माझ्याने होईल का, मला माहीत नाही.

नगरला आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या मरणाच्या दिवशी, बारा ते तीन उपासना असायची. बायका पांढऱ्या साड्या नेसून यायच्या, पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग व्हायचे आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलायचे. ते उद्गार क्रमाने बघ. पहिला, मारणाऱ्यांना क्षमा कर. दुसरा, शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला दिलासा. तिसरा, आईची सोय, तिला योहानाच्या हाती सोपवणं. स्वतःचं दुःख चौथ्या उद्गारात येतं आणि "मला तहान लागली आहे" हे तर पाचव्यात. इतक्या वेदनेत माणूस आधी दुसऱ्याचं बघतो, प्रीती म्हणतात ती ही.

आता उपास. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, म्हणून ईस्टरच्या आधी आपलेही चाळीस. ह्या उपासकाळाचा पहिला दिवस राखेचा बुधवार, तिथपासून मोजायचे आणि रविवार सोडायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा दिवस. तुझ्या वर्गातली मुलं चॉकलेट सोडतात, त्यात वाईट काही नाही. आजी मटण-मासळी सोडते. पण त्या वाचलेल्या पैशांचा तिचा एक डबा आहे. ईस्टरच्या आधी तो रिकामा होतो, कधी कुणाच्या फीसाठी, कधी कुणाच्या औषधासाठी. कुणासाठी ते ती सांगत नाही. उपास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दाखवू नकोस, असं येशूनेच सांगितलंय. आणि बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अठ्ठावन्नाव्या अध्यायात, देव विचारतो, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं हाच मला आवडणारा उपास नाही का? नुसतं उपाशी राहून येशूसारखं होता येत नाही गं. आपल्या ताटातलं कुणाच्या तरी ताटात जायला हवं.

पंडिता रमाबाईंचं नाव तू आजीकडून ऐकलं आहेस. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेले. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांना घर मिळालं, शिक्षण मिळालं, हाताला काम मिळालं. रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. ज्या दुःखातून त्या स्वतः होरपळून निघाल्या होत्या, त्यातच त्या पुन्हा उतरल्या, ह्या वेळी दुसऱ्यांसाठी. ख्रिस्ताच्या मागे जाणं म्हणजे काय असं कुणी मला विचारलं, तर मी आधी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

तू अजून लहान आहेस, वाढीचं वय आहे. जेवण सोडायचं नाही, हे आजीचंही म्हणणं आहे. तुला काही करायचंच असेल तर दर शुक्रवारी खाऊच्या पैशांतले थोडे बाजूला ठेव आणि ते कुणाला द्यायचे हे तूच ठरव. मला सांगितलं नाहीस तरी चालेल. उत्तम शुक्रवारी इथे टोरंटोत शाळेला सुट्टी असते. आपल्या मराठी मंडळींची उपासना आहे, माझ्याबरोबर ये. तीन तास बसवलं नाही तर तिसऱ्या उद्गारापर्यंत बस. मग बाबा तुला घरी आणतील.

तुझी,
आई