वॉशिंग मशीन सेन्सिंगवरच अडकतं आणि पाणी घेतच राहतं, पीसीबी बदलावाच लागेल का?

लगेच हो म्हणू नका. चार कपडे टाकले तरी काठोकाठ पाणी, सेन्सिंगचा दिवा लुकलुकत राहतो, धुणं चालू असताना मध्येच पुन्हा पाणी सुरू होतं, ही तुम्ही लिहिलेली लक्षणं सहा वर्षं वापरलेल्या टॉप लोड मशीनमध्ये बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीच्या गडबडीची असतात, पीसीबीची म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची नसतात. मी याच दुरुस्त्या करतो. पीसीबीवर सहा हजार घालवूनही दोष जागच्या जागी, अशी मशीन्स माझ्याकडे येतात तेव्हा त्या घरासाठी खरंच वाईट वाटतं.

मशीन दोन गोष्टी जोखतं. पहिली म्हणजे कपड्यांचं वजन. पाणी यायच्या आधी तळाची चकती, म्हणजे पल्सेटर, थोडेथोडे झटके देत इकडून तिकडे फिरते. मोटरचा करंट तोडल्यावर ती किती चटकन थांबते यावरून वजनाचा अंदाज घेतला जातो. त्यामुळे भिजवलेले ओले कपडे टाकून मशीन सुरू केलं, की त्याला कपडे जास्त वाटतात आणि ते पाणीही जास्त घेतं. नळाला धार नाही म्हणून आधीच बादल्या ओतल्या, तरी अंदाज चुकतो. तेव्हा एकदा रिकाम्या टबात कोरडे कपडे टाकून सुरू करून बघा.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी, आणि तुमच्या मशीनची गोम मला इथेच दिसते. पातळी मोजणारा सेन्सर पाण्याला शिवतसुद्धा नाही. टबाच्या तळाशी हवेचा एक छोटा कप्पा असतो, तिथून एक बारीक नळी वर पॅनलमागच्या प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि सेन्सर तो दाब मोजतो. ३० सेंटीमीटर पाण्याचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम ३ टक्के. एवढ्याशा दाबावर सगळा हिशोब असल्यामुळे नळीला सुईएवढं भोक पडलं तरी हवा हळूहळू निसटते. टबात पाणी पुरेसं असतं, पण मशीनला ते कमी झालंय असं वाटतं आणि ते पुन्हा घेतं. कप्प्याचं तोंड साबणाच्या चिकट साक्याने बुजलं तर उलटंही होतं. पाणी निघून गेलं तरी दाब आत अडकून राहतो आणि मशीन स्पिनलाच जात नाही.

आता घरच्या घरी करायची तपासणी. पाणी भरू द्या, धुणं सुरू व्हायच्या आत प्लग काढा आणि पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावा. पंधरा-वीस मिनिटांनी बघा. पाणी खाली गेलं असेल तर दोष ड्रेन व्हॉल्वचा, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेचा. तिथे हेअरपिन, नाणं, धाग्यांचा बोळा असं काहीतरी अडकलेलं असतं आणि पाणी झिरपून जातं. पाणी जिथल्या तिथे असेल आणि प्लग लावून सुरू केल्यावर मशीन तरीही आणखी घेत असेल, तर नळी किंवा सेन्सर.

वॉरंटी संपली असेल तरच पुढचं करा, तेही प्लग काढून आणि टब रिकामा करून. पॅनलमागचे स्क्रू काढले की नळी सेन्सरला जोडलेली दिसेल. ती आधी सेन्सरपासून सोडवा, सेन्सरमध्ये कधीही फुंकू नका, आतला पडदा फाटतो. सुटलेल्या टोकातून हलकेच फुंका. हवा सहज गेली तर वाट मोकळी आहे, छातीला जोर लावावा लागला तर खाली बुजलंय. मग त्याच टोकातून कोमट पाणी सोडा. काळपट, बुळबुळीत घाण टबात उतरेल. नंतर नळी पूर्ण कोरडी करा, कारण आत राहिलेला थेंबही चुकीचं माप देतो. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर साका लवकर धरतो, आणि पावडर जास्त टाकायची सवय असेल तर आणखी लवकर.

नळी हाताने चाचपत खालपर्यंत जा. टॉप लोड मशीन खालून बऱ्यापैकी उघडं असतं, उंदीर शिरतात आणि ही नळी कुरतडतात. पंक्चर नळीला टेप लावू नका, टिकत नाही. नवी नळी स्वस्त असते, प्रेशर सेन्सरसुद्धा काही शेकड्यांत येतो. सेन्सरचा कनेक्टर एकदा काढून घट्ट बसवा. बाथरूममधल्या मशीनच्या पिनांवर हिरवट गंज चढलेला असतो.

काही वेळा दोष मशीनचा नसतोच. टाकी अगदी डोक्यावर असेल तर दाब कमी पडतो, आणि इनलेट पाइपच्या, म्हणजे मशीनला पाणी आणणाऱ्या पाइपच्या, तोंडाची जाळी गाळाने भरते. पाइप मशीनपासून सोडवून बादलीत धरा. दहा लिटरला दोन मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ लागला, तर आधी जाळी साफ करा.

स्क्रीनवर कोड येत असेल तर तोही बघा. एलजीवर 'पीई' आणि सॅमसंगवर 'वन-ई' किंवा 'वन-सी' हे पातळीच्या सेन्सरचे कोड आहेत. 'आयई' किंवा 'फोर-ई', 'फोर-सी' आलं तर पाणीच नीट येत नाहीये.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर बोर्डावर संशय घ्यायला हरकत नाही. टॉप लोडचे बरेचसे पीसीबी दमटपणापासून वाचवायला रेझिनमध्ये बुडवलेले असतात, त्यामुळे ते दुरुस्त करायच्या भानगडीत कुणी पडत नाही, सरळ बदलतात. मेकॅनिकला आधी नळी आणि सेन्सर तुमच्यासमोर तपासायला सांगा. नंतर नवा बोर्ड बसवून कपड्यांसकट एक पूर्ण सायकल तुमच्या देखत चालवून घ्या, पैसे त्यानंतर. पाणी पुन्हा काठोकाठ चढलं तर त्याला तो बोर्ड काढून परत न्यायला सांगा.