ठक, भामटा की तोतया?

इंदूरच्या एका वाचकांचा प्रश्न : 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांना इथली हिंदी वर्तमानपत्रं 'ठग' म्हणतात, मराठी बातम्यांत ते 'भामटे' असतात, आमच्या घरात 'फर्जी पोलीस'. ठग तर गळा आवळायचे ना? मग नेमका शब्द कोणता?

हिंदीतला ठग तोच आपला ठक. ठकवणं, ठकसेन, ठकास महाठक ही सगळी त्याचीच भावकी. मूळ संस्कृत 'स्थग्' म्हणजे झाकणं, लपवणं. गळ्याशी संबंध नाही. तो चिकटला एकोणिसाव्या शतकात, इंग्रज अधिकारी स्लीमनच्या ठगीविरोधी मोहिमेमुळे. त्याच्या नोंदी कितपत खऱ्या यावर इतिहासकारांची जुंपते, पण ठगांच्या सांकेतिक बोलीचा त्याने १८३६ साली छापलेला कोश वाचण्यासारखा आहे. त्यात गळा आवळणारा 'भुर्तोत' वेगळा आणि वाटसरूंना गोड बोलून जाळ्यात ओढणारा 'सोथा' वेगळा. सोथ्याने मुक्कामावर ओळख काढायची, पुढची वाट चोरांची आहे म्हणायचं, सोबतीने जाऊ म्हणायचं. आता व्हिडिओ कॉलवरचा वर्दीवाला ऐका : "तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत. सहकार्य केलंत तर सुटाल. कॉल कट करू नका, घरात कुणाला सांगू नका." भीती घालणाराही तोच, वाचवणाराही तोच. तेव्हा 'ठग' काही चूक नाही.

पण तुमचा 'फर्जी' जास्त नेमका. मराठीत लिहिताना 'तोतया पोलीस' लिहा. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं सांगत उठलेल्या तोतयाला १७७६ साली देहदंड झाला; न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक त्यावरचंच. तोतयाला दुसऱ्याचं सोंग लागतं. दामदुप्पट देतो म्हणून स्वतःच्या खऱ्या नावानिशी बुडवणारा ठक खरा, तोतया नव्हे.

'भामटा' मी टाळतो. ते एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा कायदा १९५२ साली गेला, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'राजपूत भामटा' आजही आहे, आणि आपण मात्र मथळ्यात ते नाव शिवीसारखं वापरतो. 'उचल्या'चंही तेच, लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आत्मकथनाला मुद्दाम तेच नाव दिलं.

राहता राहिला 'चारसोबीस'. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम ४२० जाऊन न्याय संहितेचं ३१८ आलंय. पण "तो एक नंबरचा तीनशेअठरा आहे" असं कोण म्हणणार?