अहमदाबादची मिल ओनर्सची इमारत वेळ काढून बघण्यासारखी आहे का?

बघा, पण दुपारी चारच्या उन्हात. तुम्ही म्हणता, लग्नासाठी अहमदाबादला चाललोय, अर्धा दिवस मोकळा आहे, आणि वेरूळ उशाशी असलेल्या संभाजीनगरच्या माणसाला गिरणीमालकांच्या संघटनेच्या त्या उघड्या काँक्रीटच्या ऑफिसात काय दिसणार? शिल्पं शोधत गेलात तर काहीच नाही. ऊन कसं अडवलंय ते बघायला गेलात तर पुष्कळ.

मी जालन्याकडे घरं बांधतो. आपलं जुनं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, जाड भिंती आणि चिमुकल्या खिडक्यांवर उन्हाळा काढायचं. आत गारवा, पण वाराही बाहेरच. आता आपण पश्चिमेला अख्खी काच बसवतो आणि वर एसीचं बिल भरतो. ल कार्बुझिए या फ्रेंच-स्विस वास्तुकाराची ही इमारत १९५४ साली पुरी झाली. तिच्यात वेगळीच तोड काढली आहे. आश्रम रोडकडची पश्चिम बाजू म्हणजे काँक्रीटच्या खोल, तिरक्या पडद्यांची रांग. उतरतं ऊन पडद्यांवरच अडतं, वारा मधून आत येतो. रस्त्यावरून चालत बघा. एका कोनातून सलग भिंत वाटते, थोडं पुढं गेलं की आतलं दिसायला लागतं. मागची बाजू साबरमतीकडे. तिथले पडदे तिरके नाहीत, काटकोनात आहेत, त्यामुळे नदी समोर राहते. त्या काळी नदीच्या वाळूत रंगारी कापड धुवायचे, वाळवायचे, आणि गिरणीमालकांच्या ऑफिसातून ते दिसायचं. आज तिथं रिव्हरफ्रंटचा बांधीव काठ आहे.  उत्तर-दक्षिणेच्या भिंती विटांच्या आणि जवळपास बंद.

आत जायला लांब रॅम्प आहे, तो रस्त्याकडून थेट पहिल्या मजल्यावर नेतो. सावकाश चढा. वरच्या मजल्यावरचं सभागृह चुकवू नका. बाकी इमारत बरीचशी काटकोनी, तिथं मात्र भिंती वळत जातात आणि उजेड वरून उतरतो. काँक्रीटवर सेंट्रिंगच्या फळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात, प्लास्टर नाही. असं काम करून मी गिऱ्हाइकाला दिलं तर शेवटचा हप्ता बुडालाच समजा!

हे संघटनेचं ऑफिस आहे, म्युझियम नाही. म्हणून कामाच्या दिवशी जा, गेटवर नीट विचारा, फोटोची परवानगी वेगळी मागा. नाही म्हणाले तरी पश्चिमेची बाजू रस्त्यावरून दिसतेच, आणि खरी करामत तिथंच आहे. वेळ उरला तर लुई कान या अमेरिकी वास्तुकाराचं आयआयएम (व्यवस्थापन शिकवणारी संस्था) आहे, पण एकाच दुपारी दोन्ही कोंबू नका.