घरच्या कॉम्प्युटरमध्ये एकामागून एक तीन हार्ड डिस्क गेल्या, दोष कशात असेल?

तिन्ही डिस्क सदोष निघाल्या असं सहसा होत नाही. माझा पहिला संशय पॉवर सप्लायवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये राहायला हवी; लोड असताना (कॉम्प्युटरवर जड काम चालू असताना) मोजा, नुसतं चालू करून नको.

'मेलेली' डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून स्मार्ट (SMART) रीडिंग, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नंबरवार नोंद, बघा. १९९ नंबरचा आकडा (डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढत असेल तर बहुधा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबलच खराब, डिस्क धडधाकट. (दोन डिस्क उगाच फेकल्यावर मला हे कळलं!) ५ आणि १९७ नंबरचे आकडे (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयास्पद जागा) वाढत असतील तर मात्र डिस्क खरंच निकामी होत चाललीय, आधी बॅकअप घ्या. डिस्कचं तापमान सतत पन्नास अंश सेल्सिअसपुढे असेल तर पंख्यातली धूळ काढा.