वाचक विचारतात : बंद होणाऱ्या दुकानातली जुनी खेळणी

प्रश्न : आमच्या पेठेतलं खेळण्यांचं दुकान दिवाळीनंतर कायमचं बंद होतंय. आम्हा भावंडांचं प्रत्येक खेळणं तिथूनच आलेलं. मालक माळ्यावरचा जुना माल निम्म्या किमतीत काढताहेत. काय घ्यावं? घेतलेलं नातवंडांना खेळायला द्यावं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पत्र्याची आणि लाकडाची खेळणी आधी बघा, मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या शेवटी. अशा प्लास्टिकमध्ये लवचीकपणासाठी मिसळलेलं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर पाझरतं. बाहुली हाताला चिकट लागली तर साबणाच्या पाण्याने धुऊन तेवढ्यापुरती बरी होईल, पण पाझरणं थांबणार नाही.

सेलवरचं खेळणं असेल तर सेलचं झाकण दुकानातच उघडा. शोकेसमध्ये ठेवलेल्या खेळण्यांत जुने सेल तसेच राहून गळालेले असतात. साध्या सेलची गळती आम्लधर्मी असते, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जाते. अल्कलाइन सेलची उलट, तिला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. कापसाच्या काडीने पुसा, मग पाण्याची काडी फिरवा, शेवटी स्पिरिटची. हातमोजे घाला. सेलला टेकणारी धातूची पट्टी गंजाने खाऊन तुटलीच असेल तर ते खेळणं सोडून द्या.

किल्लीचं खेळणं अडकलं असेल तर "जास्त किल्ली दिली" असं म्हणतात. बहुतेक वेळा तसं नसतं, आतलं ग्रीस चिकट झालेलं असतं. चाकांच्या आसांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. खोबरेल मुळीच नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. ठेवून देताना किल्ली पूर्ण उतरवा.

नातवंडांबद्दल मात्र सावध राहा. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला आणि खेळण्यांना आयएसआय खूण 1 जानेवारी 2021 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या माळ्यावरच्या रंगीत मालाची खात्री कोणी देऊ शकत नाही. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर ते खेळणं कपाटात शोभेल, तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाच्या हातात नको.

प्रश्न : अशाच जुन्या मालात दिव्यावर चालणारी पत्र्याची होडी मिळाली. दिवा पेटतो, होडी जागची हलत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बहुधा आत हवा राहिली आहे. या होडीत फिरणारा एकही भाग नाही. पातळ पत्र्याची चपटी डबी आणि तिच्यातून मागे पाण्यात उतरणाऱ्या दोन नळ्या, एवढंच यंत्र. डबीतल्या पाण्याची वाफ झाली की ती नळीतलं पाणी मागे ढकलते, वाफ नळीत थंड होऊन विरते आणि पाणी पुन्हा आत ओढलं जातं. बाहेर जाताना पाणी सरळ मागे धार धरून जातं, आत येताना चहूबाजूंनी येतं, म्हणून एकूण ढकल पुढेच मिळते. डबीचा वरचा पत्रा आत-बाहेर होतो, तोच फटफट आवाज.

नळ्यांची तोंडं वर येतील अशी होडी उभी धरा. सुई काढलेल्या सिरिंजने एका नळीतून हळूहळू पाणी सोडा. दुसऱ्या नळीतून बुडबुडे न येता पाणी वाहायला लागलं की दोन्ही तोंडं बोटांनी दाबा, होडी टबात ठेवा आणि मगच बोटं काढा. दिव्यात तेलाचे चार-पाच थेंब आणि बारीक वात पुरते. साधारण मिनिटभरात आवाज सुरू व्हायला हवा.

तरीही नाही झाला? रिकामी डबी पाण्यात बुडवा, एक नळी बंद करून दुसरीतून फुंका. बुडबुडे जिथून येतील तिथला डाग, म्हणजे वितळवलेल्या धातूचा जोड, सुटला आहे. साधा डाग 185 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. आत पाणी असलं की डबी फार तापत नाही, कोरडी तापवली की सांधा उघडतो. म्हणून पाणी भरल्याशिवाय दिवा कधीच लावू नका. बोअरच्या पाण्याचा क्षार नळी बुजवतो. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी तासभर भरून ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा. खेळून झालं की आतलं पाणी फुंकून काढा.

प्रश्न : सावंतवाडीची लाकडी भातुकली आहे. सॅनिटायझरने पुसली तर रंग कापसाला लागला.

उत्तर : लाखेचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि सॅनिटायझरमध्ये स्पिरिटच असतं. कोरडं सुती कापड वापरा, फार तर पिळून घट्ट केलेलं ओलं. उन्हात वाळवू नका. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत कीड आहे. तो नग लगेच वेगळा काढून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा.

प्रश्न : दुकानाची आठवण जपायची तर आणखी काय मागून घ्यावं?

उत्तर : खोके. फाटके असले तरी. किमतीची चिठ्ठी काढू नका, तिच्यावर मालकांचं अक्षर असतं. जुनी बिलबुकं आणि घाऊक व्यापाऱ्यांचे दरपत्रक रद्दीत जाण्याआधी विचारा. मालकांची परवानगी घेऊन फळीफळीसमोर त्यांना बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करा. कोणता माल कुठून यायचा, कोणत्या सणाला काय खपायचं, हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतं. फळ्या रिकाम्या होण्याआधी हे करा, समोर वस्तू असली की बरंच आठवतं. प्रत्येक खेळण्याला कागदाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधून त्यावर पेन्सिलीने नोंद करा, शाई पसरते. खेळणी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. मऊ प्लास्टिक थर्माकोलला टेकू देऊ नका, दोन्ही एकमेकांना चिकटतात. डांबराच्या गोळ्याही त्या पेटीत नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.