श्वास नेमका कुठे घ्यायचा?

प्रश्न: ताई, मी नाशिकरोडला राहते. सकाळी सगळ्यांचे डबे गेले की मला वीस मिनिटं मिळतात, त्यात महिन्याभरापासून यूट्यूब लावून महामृत्युंजय म्हणतेय. पण त्या व्हिडिओचा स्पीड एवढा की निम्मे शब्द गिळलेच जातात आणि १०८ गाठायच्या नादात ध्यान कसलं, नुसती पळापळ. त्यात सासूबाई म्हणतात गुरूशिवाय म्हणूच नये. बंद करू का?

उत्तर: मंत्र कशाला, व्हिडिओ बंद करा की! हा मंत्र ऋग्वेदाच्या ७व्या मंडलातला, एकेक मंत्र नीट म्हणायला दहा सेकंद लागतात असं धरलं तरी १०८ ला अठरा मिनिटं झाली, म्हणजे तुमची वीस मिनिटं मोजण्यातच संपली. सध्या अकराच म्हणा. माळ नकोच.

आधी चार तुकडे पाठ करा. त्र्यम्बकं यजामहे, सुगन्धिं पुष्टिवर्धनम्, उर्वारुकमिव बन्धनात्, मृत्योर्मुक्षीय मामृतात्. आपण नाशिककर त्र्यंबकेश्वरला सर्रास 'त्रिंबक' म्हणतो, तीच जिभेची सवय इथे येते आणि 'त्रिंबकं यजामहे' होतं, तेवढं बघा. पण खरी गोची शेवटच्या शब्दात आहे. 'मामृतात्' म्हणजे मा अमृतात्, इथला 'मा' म्हणजे 'नको'. मृत्यूपासून सोडव, अमृतापासून नको. बरेच जण दम लागला की 'माम्' म्हणून थांबतात आणि मग 'अमृतात्', म्हणजे अर्थ होतो मला अमृतापासून सोडव, बघा काय मागून बसलो! म्हणून श्वास 'बन्धनात्' नंतर घ्यायचा, शेवटचा तुकडा एका दमात. आणि उर्वारुक म्हणजे काकडीसारखं वेलीवरचं फळ, पिकलं की देठापासून आपोआप सुटतं, ओढावं लागत नाही. मी डोळे मिटून तो वेलच बघते, मन भाजीच्या हिशोबात गेलं (जातंच, माझंही जातं) की परत त्या देठावर यायचं, एवढंच माझं ध्यान.

सासूबाईंचं अगदीच चूक नाही हो. वेदमंत्राला उदात्त-अनुदात्त म्हणजे उंच-खालचे स्वर असतात, ते पुस्तकातून येत नाहीत, ऐकून आणि चुका काढून घेऊनच येतात. ओळखीच्या गुरुजींना एकदा म्हणून दाखवा, सासूबाईंनाच सोबत न्या म्हणजे तोही प्रश्न मिटला. तोवर धास्ती वाटत असेल तर 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणा, तेरा अक्षरं, नामाला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या टाकळीला समर्थांनी बारा वर्षांत याचाच तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते, म्हणजे रोजचे जवळजवळ तीस हजार झाले! त्यांच्याशी बरोबरी करायला जाऊ नका, घरचे डबे आहेत.

पुढे माळ घ्याल तेव्हा मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी ओढा, तर्जनी लावू नका, आणि मेरुमणी (माळेच्या टोकाचा, मोजणी सुरू होते तो मणी) आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा.