वाचक विचारतात : मेंबरशिपचं कार्ड आणि दारावरची पाटी

मागच्या अंकात आमच्या मानसशास्त्रज्ञ संघटनेच्या सभासदांसाठी असलेल्या संधी आणि सूचना थोडक्यात छापल्या होत्या: सभासद नोंदणी, अधिवेशनासाठी निबंध, पावसाळ्यातल्या स्वयंसेवकांची यादी, दोन-तीन नोकऱ्या. त्यावर बरीच पत्रं आली. नावं काढली आहेत. कोकणात गाव सांगितलं की माणूस कळतो, म्हणून फक्त तालुका ठेवला आहे.

मॅडम, मी मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलं. लग्नानंतर इथे आले. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली आहे: तीन शनिवार-रविवार ऑनलाइन वर्ग, ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड सायकोथेरपिस्ट’ असं प्रमाणपत्र, सोबत आजीव सभासदत्व आणि सभासद क्रमांक. आज रात्री बारापर्यंत अर्धी फी. तुमच्या संघटनेच्या फॉर्मवर मात्र दोन सभासदांच्या सह्या मागितल्या आहेत आणि मला इथे कोणी ओळखत नाही. चिपळूणला खोली घेऊन बसायचा विचार आहे. कुठलं सभासदत्व घेऊ? आणि दूरस्थ पदवी आता चालत नाही म्हणतात, ते खरं का? – एक वाचक, ता. गुहागर

आधी पदवीचं, कारण काळजी त्याचीच दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. ते नव्या प्रवेशांपुरतं आहे. तू आधीच मान्यताप्राप्त विद्यापीठातून पास झालीस, त्यामुळे तुझी पदवी कोणी काढून घेत नाही. घरी बसून मिळवलेल्या एम.ए.त एक गोष्ट मात्र सहसा राहून जाते. समोर माणूस बसलाय, तू बोलते आहेस आणि तिसरं कोणीतरी तुझं काम बघतंय, हा अनुभव. आम्ही त्याला सुपरव्हिजन म्हणतो. माझं पुढचं सगळं उत्तर त्याच एका गोष्टीभोवती आहे.

आता रात्री बाराची मुदत. मिरकरवाड्याच्या जेटीवर सुरमईचा लिलाव घाईने होतो, कारण ऊन चढलं की मासळी उतरते. शिक्षण उतरत नाही. ज्याला ते आज रात्रीच विकायचं आहे, त्याच्याकडे उद्या काय असेल याचा तूच विचार कर.

आणि हे नीट ध्यानात घे: कुठल्याही संघटनेचं सभासदत्व हा परवाना नाही. आमचंही नाही. इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन १९२४ची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची, म्हणजे मानसिक आजारांवर औषधांशिवाय उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची, अखिल भारतीय संघटना १९६८ची. दोन्ही जुन्या, मानाच्या. पण सभासद झालं म्हणून रुग्ण तपासायचा अधिकार त्याही देत नाहीत. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. १९९२च्या त्या कायद्यात नोंदणीशिवाय असं काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, कैदेचा वाचून येत नाही. त्या नोंदणीसाठी आजवर सहसा दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. लागायची. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाली, आमच्या विषयापुरती २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत मुदत मिळाली होती. त्यामुळे पुढे शिकायचं मनात असेल तर कॉलेज काय म्हणतं ते सोड. आरसीआयच्या मान्यता यादीत तो अभ्यासक्रम, ती संस्था आणि ते वर्ष तिन्ही आहेत का, हे आधी बघ.

तोवर चिपळूणच्या पाटीवर काय लिहायचं? तुझं नाव, खाली ‘एम.ए. (मानसशास्त्र), समुपदेशन’. बस. ‘क्लिनिकल’ नको, ‘थेरपिस्ट’ नको, ‘इंटरनॅशनल’ तर नकोच. गुहागरहून चिपळूणला येणारी बाई आंतरराष्ट्रीय दुःख घेऊन येत नाही. समुपदेशकांसाठी आणि इतर मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१चा आरोग्यसेवा व्यावसायिकांचा वेगळा कायदा आला आहे, त्याच्या नोंदणीकडेही लक्ष ठेव.

मग आमचं सभासदत्व घ्यायचं कशाला? त्या दोन सह्यांसाठीच. सही करणारा सभासद सांगतो की या व्यक्तीचं काम मी पाहिलं आहे. त्यासाठी ओळख लागत नाही, काम दाखवावं लागतं. रत्नागिरीच्या मासिक बैठकीला ये. तू आधी बोललेल्या एखाद्या केसची दोन पानं आण. नाव, गाव, वाडी, नवऱ्याची बोट, ओळख पटेल असं सगळं काढून. आम्ही प्रश्न विचारू, काही टोचतील. तीन-चार बैठकांत सह्या होतात. वर्षभर येऊनही ज्यांनी केस आणली नाही, त्यांच्या फॉर्मवर मी सही करत नाही, मग त्यांनी कितीही आंबापोळी आणू दे. तोवर सहयोगी सभासदत्वाला सह्या लागत नाहीत आणि सूचना त्यांनाही सगळ्या जातात.

बाई, मी शाळेत समुपदेशक आहे. संघटनेने पावसाळ्याआधी आपत्तीच्या वेळी जाणाऱ्या स्वयंसेवकांची यादी मागवली आहे. २०२१च्या पुरानंतर मी आपणहून गेलो होतो, लोकांना बोलतं करायचा प्रयत्न केला, पण फार कोणी बोललं नाही. पुन्हा नाव देऊ का? तिथे नेमकं करायचं काय असतं? – एक सभासद, ता. खेड

नाव जरूर द्या. आणि लोक बोलले नाहीत हे चांगलंच झालं.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी महाडच्या तळियेवर दरड आली. त्यानंतर बरीच मंडळी वह्या घेऊन ‘तुम्हाला त्या रात्री काय वाटलं’ विचारत फिरत होती. दुकानातला चिखल उपसणाऱ्या माणसाला तेव्हा पंचनामा कधी होणार एवढंच कळायला हवं असतं. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोळा करून अनुभव बोलून घ्यायची जी पद्धत होती, तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटना आता करत नाही. त्याऐवजी २०११मध्ये त्यांनी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण एकटं आहे, कोण थरथरतंय ते पाहा. कोणी आपणहून बोललं तर ऐका, उकरू नका. आणि ज्याला जे हवं आहे तिथपर्यंत त्याला पोहोचवा. तलाठी, दवाखाना, हरवलेला भाऊ, मोबाईल चार्ज करायची जागा, काहीही.

आता पुस्तिकेबाहेरचं, इथल्या अनुभवाचं. निवारा केंद्रात गेल्यावर पहिल्या तासात विचारा: रोजच्या गोळ्या कोणाच्या वाहून गेल्या? बीपी-शुगरच्या गोळ्यांचं लोक स्वतः सांगतात. फिट्सच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्यांचं कोणी चारचौघांत बोलत नाही. फिटची गोळी अचानक तुटली की फिट येते आणि भोवतालचे म्हणतात, धसका घेतला. दुसरं, दारू. रोज पिणाऱ्याला रस्ते बंद झाल्यामुळे मिळाली नाही की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना भास होतात, नसलेली माणसं दिसतात. घरचे म्हणतात, पुरात बुडालेल्याने धरलं. तिथे ना समुपदेशन कामाचं ना भगत. तो माणूस दवाखान्यात जायला हवा, त्याच दिवशी. जिवाला धोका असतो. हे ओळखणारा एक स्वयंसेवक मला भाषण करणाऱ्या दहांपेक्षा हवा आहे.

यादीत नाव देणाऱ्यांना आम्ही जोडीने पाठवतो, नवा आणि जुना. रोज संध्याकाळी फोनवर अर्धा तास सुपरव्हिजन असतं आणि ते चुकवणाऱ्याला परत बोलावून घेतो. फोटो काढायचे नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मध्ये उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई आहे. निवारा केंद्रातला प्रत्येक जण कायद्याच्या भाषेत रुग्ण नसेलही, पण चिखलाने भरलेल्या म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून काढलेला तुमचा फोटो संघटनेच्या अहवालात मी छापणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मानधन नाही. एसटीचं भाडं आणि जेवण मिळतं. शाळेची रजा मात्र तुमची तुम्हीच मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या, नाहीतर परतल्यावर त्यांचंच समुपदेशन करावं लागेल.

माझा निबंध एका परिषदेने स्वीकारला. आता ‘यूजीसी-केअर यादीतल्या नियतकालिकात छापू’ म्हणून जादा पैसे मागतात. शिवाय तुमचं अधिवेशनही नेमकं मोहोराच्या फवारणीच्या दिवसांत! – प्राध्यापक, ता. राजापूर

पैसे देऊ नका. ती केअर यादी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी, आयोगाने २०२५मध्ये बंदच केली. बंद झालेल्या यादीचं नाव घेऊन कोणी पैसे मागत असेल तर पुढचं मी लिहायला नको. आपल्या अधिवेशनात पेपर वाचायचा असेल तर अडीचशे शब्दांचा ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश, पुरे. छापून आणायची हमी आम्ही देत नाही. पण वाचून झाल्यावर तुमचे आकडे कच्चे असतील तर तसं तोंडावर सांगणारी माणसं समोर बसलेली असतात.

मोहोराचं खरं आहे. देशावरच्या आयोजकांना जानेवारी म्हणजे निवांत महिना वाटतो, आम्ही दरवर्षी कळवतो. तुम्ही निबंधाचं पोस्टर पाठवा, आमच्यापैकी कोणीतरी लावेल आणि शेजारी उभंही राहील.

नोकरीच्या सूचनेत एका कॉलेजची समुपदेशकाची जागा होती. मुलाखतीला गेलो. अकरा महिन्यांचा करार, आणि सोबत शिस्तपालन समिती व प्रवेशाचा प्रचारही बघायचा म्हणाले. घेऊ का? – वय २४, ता. सावंतवाडी

अशा जागा आता निघतायत त्याचं कारण सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५मधला निकाल. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. तेव्हा कॉलेजला तुझी गरज आहे, हे डोक्यात ठेवून बोल.

अकरा महिने चालतील, सुरुवात आहे. प्रवेशाच्या प्रचारालाही एक वेळ जा, माणसं ओळखीची होतील. शिस्तपालन समितीला मात्र ठाम नाही म्हण. सकाळी ज्या मुलाने तुला सांगितलं की हॉस्टेलवर पितो, त्याच्यावर दुपारी तूच कारवाईच्या कागदावर सही करणार? एकदा असं झालं की त्या कॉलेजात पुढची पाच वर्षं कोणी समुपदेशकाच्या खोलीकडे फिरकत नाही, तू गेलास तरी. त्याऐवजी तीन गोष्टी माग: दार लागेल अशी खोली, कुलूप लागेल असं कपाट, आणि मुलाने सांगितलेलं कोणाला, कधी, किती सांगायचं याचं एक लेखी पान. जिवाचा धोका असेल तर गुप्तता मोडावी लागते, तेही त्यात असू दे. हे मान्य केलं तर नोकरी घे आणि दर पंधरा दिवसांनी आमच्यापैकी एकाला फोन लावून केसेस बोल. एकट्याने कॉलेज सांभाळायचं धाडस चोविसाव्या वर्षी करू नकोस. चाळिसाव्या वर्षीही नको.

मी तुमच्या संघटनेची सभासद नाही, साधी आई आहे. मुलगा बारावीला आहे. खोलीतून बाहेर येत नाही, जेवण कमी झालंय. इथे एका पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ आहे, नंतर इंग्रजी अक्षरांची रांग आणि खाली ‘राष्ट्रीय संघटनेचे आजीव सभासद’. खरं-खोटं कसं कळावं? – ता. वेंगुर्ला

ताई, ती शेवटची ओळ विसरून जा. फोन करून सरळ विचारा: तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ आहात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट की समुपदेशक? मानसोपचारतज्ज्ञ असतील तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि औषध तेच लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचा क्रमांक असतो, तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. समुपदेशक असतील तर शिक्षण कुठे झालं आणि त्यांचं काम कोण बघतं, ते विचारा. खऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ‘डॉ.’ पीएच.डी.चं असेल तर तेही ते सांगतील. औषधाचा अधिकार नसलेल्या कोणी गोळ्यांची पुडी दिली तर तिथून निघा.

मुलाचं जेवण-झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर पाटी शोधत बसू नका, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. मरणाच्या गोष्टी करत असेल तर आजच न्या, आणि तोवर घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा. बागायतदाराच्या घरात हे मी प्रत्येकाला सांगते. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलाला ‘मामाकडे जाऊ’ असं सांगून फसवून नेऊ नका. कुठे, कोणाकडे, कशासाठी जायचंय ते आदल्या दिवशी सांगा. यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन बोला, आईने एकटीने गेलेलं चालतं.